वचनामागचा प्रसंग

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

वक्तृत्व स्पर्धेसाठी तू निवडलेल्या वचनांची यादी वाचली. निवड चांगली आहे. मात्र प्रत्येक वचनाखाली केवळ नाव आहे, ते कधी, कोणासमोर आणि कशासाठी उच्चारले गेले याची नोंद कोठेच नाही. माझ्या मते वचनाचा अर्धा अर्थ त्या नोंदीत असतो, आणि ती गळून पडली की अत्यंत धारदार वाक्यही शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखे निरुपद्रवी होऊन जाते.

महात्मा फुले यांचेच वचन पाहा. 'विद्येविना मती गेली' येथून तू आरंभ केलास आणि 'गतीविना वित्त गेले' येथे थांबलीस. बहुतेक वक्ते तेथेच थांबतात. फुले मात्र पुढे लिहितात, 'वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.' एवढे शब्द वगळले की शिक्षणाची सर्वसाधारण स्तुती तेवढी उरते आणि खचले कोण, हा प्रश्नच नाहीसा होतो. 1883 साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणाऱ्या फुल्यांनी आदल्याच वर्षी इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगाला निवेदन दिले होते. सरकारचा महसूल कष्टकरी रयतेकडून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, ही त्यांची तक्रार होती. निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही मागणी होती. त्यांचे वचन या मागणीसह सांगितलेस, तर श्रोत्यांना ते नव्याने ऐकू येईल.

आगरकरांच्या 'इष्ट असेल ते बोलणार आणि साध्य असेल ते करणार' या वाक्यापाशी एवढेच सांग, की सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरील मतभेदांमुळे 'केसरी' सोडून 1888 मध्ये 'सुधारक' काढणाऱ्या या संपादकाची प्रेतयात्रा पुण्यातील सनातन्यांनी तो हयात असतानाच काढली होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी मात्र अधिक थांबावे लागेल. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा त्यांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात केली. हे टाळ्या घेणारे वाक्य आहे, म्हणूनच ते संतापाच्या भरात निघालेले उद्गार वाटण्याचा धोका आहे. त्याच्या मागे 1930 पासून नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी वर्षानुवर्षे चाललेला सत्याग्रह होता, आणि पुढे धर्मांच्या अभ्यासात व विचारात गेलेली एकवीस वर्षे; 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली.

तुझ्या यादीत नसलेले त्यांचे एक भाषण मला याहूनही महत्त्वाचे वाटते. 25 नोव्हेंबर 1949 रोजी, म्हणजे संविधान स्वीकारले जाण्याच्या आदल्या दिवशी, संविधान सभेत त्यांनी बजावले, की 26 जानेवारी 1950 पासून आपण विसंगतींच्या जीवनात पाऊल टाकणार आहोत: राजकारणात समता असेल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल. ही विसंगती लवकर दूर झाली नाही, तर विषमतेने पिचलेले लोक लोकशाहीची ही वास्तू उद्ध्वस्त करतील, असेही ते म्हणाले. स्वतः उभ्या केलेल्या कार्याच्या पूर्ततेच्या क्षणी गौरवाचे शब्द सहज शोभले असते. त्यांनी इशारा निवडला. त्याच भाषणात, धर्मातील भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, परंतु राजकारणातील भक्ती अधःपतनाकडे आणि अखेरीस हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. थोरांची वचने उद्धृत करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे विशेष लागू आहे. एखादे वचन पटले नाही, तर तसे व्यासपीठावरून सकारण सांगण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे.

यादीतील दहा वचनांऐवजी दोनच घे आणि हे 1949 चे भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत वाच. त्यानंतर खर्डा लिहून पाठव. मी वाचून कळवीन.

तुझा हितचिंतक