जुन्या गाडीच्या अलार्मचा रिमोट : लर्न मोडला हात लावण्याआधी हे वाचा

२००८ ची वॅगनआर, बाहेरून बसवलेला अलार्म. एक रिमोट हरवलाय, दुसरा गाडीला खेटून दाबला तरच चालतो. ॲक्सेसरीच्या काउंटरवरून 'अगदी सेम' म्हणून आणलेल्या नव्या रिमोटचा दिवा लागतो, पण गाडी ढिम्म. आणि आता तुम्ही विचारताय, 'लर्न मोडमध्ये (अलार्मला नवा रिमोट ओळखायला शिकवण्याच्या मोडमध्ये) टाकून बघू का?' थांबा. आत्ता अजिबात नको.

बऱ्याच जुन्या युनिटांत (गाडीत बसवलेल्या अलार्मच्या डब्यांत) लर्न मोड सुरू झाला की आधीचे सगळे रिमोट पुसले जातात. काहींत मोडमध्ये शिरल्याबरोबर, काहींत पहिला नवा रिमोट नोंदला गेला की. पहिल्या प्रकारात नवा रिमोट त्या जातीचा नसेल तर तो नोंदला जात नाहीच, पण जो अर्धमेला का होईना चालत होता तोही जातो. मग उरते आर्म झालेली (अलार्म चालू असलेली) गाडी, बोंबलणारा भोंगा आणि स्टार्टरची लाइन तोडून बसलेला रिले. माझे सगळ्यात जास्त पैसे याच एका चुकीत गेले. 'टाका, चालेल' असं सांगणाऱ्या काउंटरनेच दुसऱ्या दिवशी 'आता पूर्ण किट बदलावं लागेल' म्हटलं. त्यांनी रिमोट उघडूनसुद्धा पाहिला नव्हता. कव्हर आणि बटणं जुळली की रिमोट जुळला, असा या लोकांचा समज असतो. ती कव्हरं बाजारात तयार मिळतात आणि एकाच कव्हरात चार वेगळ्या जातींची सर्किटं येतात.

तर आधी दोन्ही रिमोट उघडा. पातळ पत्र्यासारखा दिसणारा छोटा डबा शोधा, तो रेझोनेटर, रिमोटची फ्रिक्वेन्सी ठरवणारा. त्यावर आर ४३३ किंवा ३१५ असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे ४३३.९२ की ३१५ मेगाहर्ट्झ. इथेच फरक निघाला तर विषय संपला, नवा रिमोट परत करा.

ते जुळलं तर कोड पाठवणारी चिप बघा. भिंग लागेल, मोबाइलचा कॅमेरा झूम केला तरी चालतं. पीटी २२६२ असेल तर कोड कायमचा एकच, आणि तो पायांच्या जोडणीवर ठरतो. कोड ठरवणारे आठ पाय, प्रत्येक पाय प्लसला, मायनसला किंवा मोकळा. जुन्या रिमोटसारखे टाके नव्यात मारले की झालं, पण सोबतचा रेझिस्टर जवळपास त्याच किमतीचा हवा, नाहीतर पल्सचा वेग जुळत नाही. ईव्ही १५२७ मध्येही कोड कायमचा, पण चिपमध्येच भाजलेला. तिथे लर्नशिवाय किंवा कॉपी करणाऱ्या रिमोटशिवाय इलाज नाही. आणि एचसीएस ३०० किंवा ३०१ असेल तर रोलिंग कोड, दर वेळी बदलणारा. ईव्ही आणि एचसीएस दोन्ही आठ पायांच्या, त्यामुळे पाय मोजून फसू नका, अक्षरं वाचा.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तापकीर गल्लीत शटरसाठी मिळणारे कॉपी रिमोट कायमच्या कोडलाच चालतात. रोलिंग कोडवर ते पैसे पाण्यात. रोलिंगमध्ये चिप जुळूनही भागत नाही, कारण बनवणाऱ्याचा गुप्त किल्ली-कोड आत असतो. तिथे युनिटच्याच कंपनीचा रिमोट लागतो. नाव रिमोटवर नसतं, डॅशखालच्या काळ्या डब्याच्या स्टिकरवर असतं. वॅगनआरमध्ये बहुधा स्टिअरिंगच्या खाली, पण बसवणाऱ्याने कुठे कोंबलाय देव जाणे.

आता तुमचा जुना रिमोट. मला तो मेलेला वाटत नाही. सेलच्या जागी आधी दोन २०१६ असतील आणि कोणीतरी एक २०३२ टाकला असेल, तर नेमकं हेच होतं. दोन २०१६ एकावर एक ठेवले की जाडी ३.२ मिमी, २०३२ चीही तेवढीच. बसतो झकास, पण ६ व्होल्टच्या जागी ३ मिळतात. दिवा मंद लागतो आणि रेंज हातभर. बारा व्होल्टचा लांबट गोल सेल असेल तर २३ए च्या जागी २७ए गेलाय का बघा. तो बारीक असतो, आत खडखडतो. सेल बरोबर असूनही रेंज नसेल तर गाडीकडे बघा. ४३३ च्या डब्यातून साधारण १७ सेंमीची मोकळी वायर लोंबत असते, ती अँटेना. म्युझिक सिस्टीम बसवणारे तिला 'फालतू वायर' समजून कापतात किंवा हार्नेसबरोबर (तारांच्या जुडग्याबरोबर) टेपने गुंडाळून टाकतात. या काळ्या टेपवाल्यांबद्दल बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही.

रोलिंग कोड असेल आणि घरात पोरांनी रिमोट खेळण्यासारखा दाबला असेल, तर गाडीजवळ उभं राहून तेच बटण लागोपाठ दोनदा दाबा. १६ पेक्षा जास्त कोड पुढे गेले की एका दाबात युनिट ऐकत नाही, दोनदा दाबल्यावर बहुतेक वेळा परत जुळतं.

हे सगळं तपासून नवा रिमोट योग्य ठरला, तरच लर्न. घरातले सगळे रिमोट हाताशी ठेवा, एकाच बैठकीत नोंदवा. साधारण पद्धत अशी : दार उघडं, इग्निशन ऑन, डॅशखालचं व्हॅले बटण (अलार्मचं छोटं लपवलेलं बटण) ठरावीक वेळा दाबायचं, भोंगा टुकला की एकेक रिमोटचं लॉक बटण. किती वेळा दाबायचं ते युनिटप्रमाणे बदलतं, अंदाजाने दाबत बसू नका. तेच व्हॅले बटण अडकलात तर सोडवतंही : किल्लीने दार उघडा, भोंगा वाजू दे, इग्निशन ऑन करून लगेच बटण दाबा. ते कुठे आहे हे आजच शोधून ठेवा, रात्री पार्किंगमध्ये नको.

(मी इलेक्ट्रिशियन नाही. आणि गाडीच्या किल्लीच्या प्लास्टिकमध्ये कंपनीची चिप असेल तर ते इमोबिलायझरचं (चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचं) प्रकरण पूर्ण वेगळं, त्याला वरचं काही लागू नाही.)

किट बदलायचीच वेळ आली तर नव्या किटचा प्लग जुन्या सॉकेटमध्ये बसला म्हणून खोचू नका. प्लग सारखे दिसतात, पिनांचा क्रम वेगळा असतो. बारा व्होल्ट आणि अर्थ मल्टिमीटरने तपासा, मगच लावा.