मी अंगठेबहाद्दर, नातवाचा अभ्यास कसा घेऊ?

"लेकराकडं लक्ष द्या, लक्ष द्या म्हणतेत सर. मॅडम, मला अक्षर कळंना, कसं देऊ लक्ष?" बीड जिल्ह्यातल्या एका आजींचा हा प्रश्न. मुलगा-सून मुकादमाकडून (मजुरांच्या ठेकेदाराकडून) आगाऊ घेतलेली उचल फेडायला दिवाळीनंतर सांगलीकडे ऊसतोडीला गेलेले, सहावीतला नातू आजींजवळ. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) शाळेतल्या हंगामी वसतिगृहामुळे त्याच्या जेवणाची चिंता नव्हती. तक्रार वेगळीच होती: गृहपाठ अपुरा, सारख्या दांड्या, मधल्या सुट्टीत मारामाऱ्या. शेरा होता 'पालक उदासीन'.

हा शेरा दिसला की मी आधी शाळेकडे कुणाचा नंबर आहे ते बघते. इथे तो वडिलांचा होता. गृहपाठ, सभेची सूचना, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे तोडणी मजुरांच्या झोपडीत, पोचायचं. वडील ते वाचणार रात्री गाडी भरून झाल्यावर, तेही फोनला चार्जिंग असलं तर. आजींकडे साधा फोन, आणि त्यांचा नंबर कुणी घेतलाच नव्हता.

मी आजींना एवढंच विचारलं, पोरगं घरी आल्यावर काय करतं? त्या बोलतच राहिल्या. आईचा फोन आला नाही की अर्धी भाकरी टाकतो. बाजाराच्या दिवशी हमखास दांडी. एका मुलाचं नाव निघालं की गप्प होतो. यातलं काहीही शाळेला माहीत नव्हतं. म्हटलं, "आजी, लक्ष तर तुम्ही देताच आहात. शिकवायचं काम सरांचं. तुम्ही फक्त रोज ठरलेल्या वेळी त्याला जवळ बसवा, वाचायला लावा, ऐका. आणि हे जे मला सांगितलंत ते सरांना सांगा."

बोलता बोलता त्यांनी पिशवीतून डेअरीची पावती काढली. "हे बरोबर हाय का, कुणाला इचारू?" पावती नातवापुढे सरकवली. दूध ४.२ लिटर, दर ३२.५०. त्याने गुणाकार केला, दशांशचिन्ह घसरलं, उत्तर आलं १,३६५ रुपये. आजींना हसू आवरेना. "एवढं देतो व्हय रं तो? मग तुझा बाप कशाला गेला असता ऊस तोडायला?" पोरगं ओशाळलं, खोडलं, पुन्हा मांडलं: १३६.५०. अंगठा लावणाऱ्या बाईने गणितातली चूक पकडली होती! तेव्हापासून पावती तपासायचं काम त्याच्याकडे आलं. वडिलांनाही सांगितलं, फोनवर "अभ्यास केला का" विचारू नका, "आज पावती किती निघाली" विचारा.

मग शाळेत गेले. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य आई-वडील किंवा पालनकर्ते असावेत, असं २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. हंगामात गावात असतात ते हे पालनकर्तेच, आणि सभेला बोलावणं जातं कोपीतल्यांना. मुख्याध्यापकांना पटलं. आजी-आजोबांची वेगळी यादी झाली आणि निरोप मुलांच्या वहीतून, मुलांनी तो वाचून दाखवण्याच्या बोलीवर, जाऊ लागला. पहिल्या सभेला आजी मंडळी दाराशीच बसली. चहा आल्यावर जरा पुढे सरकली. आमच्या आजींनी त्या मुलाचं नाव सरांच्या कानावर घातलं ते तिथेच.

दांड्या कमी झाल्या. मारामारी अधूनमधून होते, इंग्रजी अजून कच्चंच आहे. त्याला शाळेतच जादा वेळ लागेल.

तोडीला निघणाऱ्यांनी गाडीत बसण्याआधी शाळेत जाऊन मागे कोण राहतंय त्याचं नाव आणि चालू नंबर लिहून द्यावा. घरी फोन नसेल तर शेजाऱ्याचा द्यावा. मुलांना सोबत नेणार असाल तर शाळा बदलण्यासाठीचा दाखला मागा, तो शाळेने लगेच द्यायचा असतो. मिळायला उशीर झाला तरी तिकडच्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला त्या कारणावरून प्रवेश अडवता येत नाही.