बी-१२ देऊन उन्हात बसवलं तर स्किन कॅन्सर बरा होईल का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांच्या नाकपुडीशेजारचा जुना काळपट मस बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा निघाला. उजेड पडला की काम करणाऱ्या व्हिटॅमिनने स्किन कॅन्सर बरा होतो, असं तुम्ही वाचलंत. मग ऑपरेशन टाळून बी-१२ द्यायचं आणि रोज उन्हात बसवायचं, असं चालेल का?

नाही चालणार. ऑपरेशनची तारीख मिळाली असेल तर ती सोडू नका. मी डॉक्टर नाही, कोल्हापुरात औषधांचं दुकान चालवतो; माझं बोलणं त्याच मापानं घ्या.

तुम्ही वाचलंत ती थाप मात्र नव्हे. मेथिलकोबालामिनचं इंजेक्शन कधी नीट बघितलंय? हेच बी-१२. आत औषध लालभडक, पण काच तपकिरी, आणि वर पुन्हा पुठ्ठ्याचा खोका. कारण उजेड लागला की त्यातला कोबाल्ट आणि मेथिल यांना जोडणारा बंध तुटतो. आम्हा दुकानदारांना ही कटकट. संशोधकांनी नेमकी तीच कामाला लावली. मेथिलच्या जागी औषध जोडायचं. भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या पेशींना बी-१२ जास्त लागतं, त्यामुळे त्या ते आत ओढून घेतात. मग हवा तिथेच लाल उजेड टाकायचा आणि औषध मोकळं करायचं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात डेव्हिड लॉरेन्स यांच्या गटाने यावर बरंच काम केलंय. पण तो प्रयोगशाळेतला रेणू आहे, माझ्या रॅकवरची गोळी नव्हे. साध्या बी-१२ ला औषध जोडलेलंच नसतं. उन्हाने बंध तुटला तरी सुटणार काय? नुसतं मेथिल. वर ऊन हेच या कॅन्सरचं मोठं कारण, म्हणजे वडिलांना त्याच्याच तोंडी देणं झालं.

दवाखान्यात खरोखर वापरतात ती प्रकाशाची उपचारपद्धती वेगळी, फोटोडायनॅमिक थेरपी. तिची कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे: १९०० च्या सुमारास म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं की एका रंगद्रव्यात ठेवलेले सूक्ष्मजीव अंधारात तगतात, उजेडात मरतात. आज त्यासाठी अमिनोलेव्हुलिनिक आम्लाचा लेप असतो. हे व्हिटॅमिन नाही. रक्तातलं हीम बनवताना आपलं शरीर ते रोज तयार करतं. (गंमत म्हणजे बी-१२ बनवणारे जिवाणूही याच आम्लापासून सुरुवात करतात.) लेप लावून जागा काही तास झाकून ठेवतात. तेवढ्यात बिघडलेल्या पेशींत त्यापासून उजेडाने चालू होणारं पोर्फिरिन बनून साठतं. मग ६३० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल दिवा लावला की त्यातून तयार होणारा तिखट ऑक्सिजन त्या पेशी मारतो. चटके बसतात, आणि नंतर एक-दोन दिवस उजेडापासून जपावं लागतं. अमेरिकेत १९९९ मध्ये या आम्लाच्या उपचाराला (तेव्हा निळ्या दिव्यासह) मान्यता मिळाली, तीही उन्हाने आलेल्या कॅन्सरपूर्व खरखरीत डागांसाठी. वरवरच्या पातळ बेसल सेलवरही काही ठिकाणी वापरतात.

सगळी गोम त्या ‘वरवरच्या’ शब्दात आहे. लाल उजेडाचा उपयोग कातडीत दोन-तीन मिलिमीटरपर्यंतच.

हे मला चुलत्यांमुळे कळलं. ते गुळव्या होते. तरुणपणी काहिलीतला उकळता रस नडगीवर सांडला, त्याचा चट्टा राहिला. चाळीसेक वर्षांनी त्याच चट्ट्यावर जखम झाली ती भरेना. आणि मी शहाणा, तीन महिने काउंटरवरून मलमाच्या ट्यूबा देत राहिलो. शेवटी वास यायला लागला तेव्हा बायोप्सी केली: स्क्वेमस सेल, स्किन कॅन्सरचाच दुसरा प्रकार. जुन्या भाजलेल्या व्रणात असा कॅन्सर होतो, त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात, हे कॉलेजात वाचलेलं मला तेव्हा आठवलं. तुमच्यासारखंच मीही सर्जनना उजेडाच्या उपचाराबद्दल विचारलं. त्यांनी हातमोज्याच्या बोटानं जखमेची कड दाबली. दगडासारखी होती. म्हणाले, “हे खाली किती गेलंय ते मला वरून दिसत नाही, तुमच्या दिव्याला कुठलं दिसायला?” कापून काढलं, मांडीची कातडी लावली. चुलते आता काठी घेऊन फिरतात आणि कुणाच्याही गुळाला नावं ठेवतात.

तुमच्या वडिलांचा मस नाकाशेजारी आहे. तिथला बेसल सेल शरीरभर क्वचितच पसरतो, पण खाली मुळं धरतो आणि अर्धवट काढला तर परत येतो. म्हणून तिथे उजेडापेक्षा शस्त्रक्रिया बरी मानतात.

कुणी ‘नैसर्गिक आहे’ म्हणून बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगेल, तेही ऐकू नका. बावचीतलं सोरालेन उजेडानेच चालू होतं आणि कोडावर डॉक्टर ते मोजून-मापून वापरतात, पण सोरालेन आणि अतिनील किरणांचे उपचार फार झाले तर स्किन कॅन्सरचा धोका वाढतो.

वडिलांना बी-१२ ची कमतरता असेल तर गोळ्या जरूर चालू ठेवा, कमतरतेसाठी. डॉक्टरांना एवढं विचारा: गाठ किती खोल आहे, कडा मोकळ्या आल्या का हे ऑपरेशनच्या वेळीच तपासणार की नंतर, आणि मोह्ज सर्जरी (थर-थर काढून तिथल्या तिथे तपासत जायची शस्त्रक्रिया) करणारं कुणी जवळपास आहे का. दुसरं मत घ्यायला पुण्या-मुंबईला गेलात तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. लॅबमधून बायोप्सीच्या स्लाइड आणि काढलेला तुकडा ज्यात ठेवतात तो मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. आम्ही तो विसरलो आणि त्यापायी एक फेरी फुकट गेली.