प्रतिकारशक्तीच्या जनुकात दोष असला तर लहान मुलाला स्ट्रोक येतो का?

हो, येऊ शकतो. तुम्ही लिहिलंय, तुमची भाची सहा वर्षांची, अधूनमधून कारण न सापडणारा ताप, पायांवर जाळीसारखे जांभळट चट्टे आणि आता एक बाजू लुळी पडलेली. मी संधिवाताचा डॉक्टर आहे. हे एवढं एकत्र वाचलं की मला आधी एडीए-२ या विकराच्या (एन्झाइमच्या) कमतरतेची शंका येते. आम्ही तिला ‘डाडा-टू’ म्हणतो.

२०१४ साली अमेरिका आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी हा आजार पहिल्यांदा मांडला. एडीए-२ हे विकर मुख्यतः आपल्या प्रतिकारपेशीच तयार करतात. (क्षयाच्या शंकेने छातीतलं पाणी तपासतात तेव्हा रिपोर्टवर जो ‘एडीए’ दिसतो, त्यातला मोठा वाटा याचाच.) ते नसलं की या पेशी सतत भडकलेल्या राहतात, टीएनएफ नावाचं रसायन वाढतं आणि मेंदूच्या खोल भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच आजार होतो. म्हणून घरात कुणालाच काही नव्हतं, हे ऐकून शंका सोडून देऊ नका. जॉर्जिया या देशातून आलेल्या ज्यूंमध्ये साधारण दहातला एक जण वाहक असतो, म्हणजे त्याच्याकडे बिघडलेल्या जनुकाची एकच प्रत असते, आणि जनुकातला तोच बदल भारतात अगरवाल समाजातल्या रुग्णांमध्येही सापडला आहे.

रक्तातल्या एडीए-२ची पातळी आणि जनुक-तपासणी, दोन्ही करून घ्या. ॲस्पिरिन सुरू असेल तर या शंकेबद्दल डॉक्टरांशी आजच बोला. या आजारात मेंदूत रक्तस्रावही होतो, त्यामुळे ॲस्पिरिन सहसा टाळतात. मात्र स्वतःहून बंद करू नका.

मला कळकळीने सांगायचंय ते हे, की यावर उपचार आहे. टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं. अमेरिकेतल्या १५ रुग्णांना ती सुरू होण्याआधी मिळून ५५ स्ट्रोक आले होते. २०१९ साली आकडे प्रसिद्ध झाले तोवर, उपचार चालू असताना एकही नाही. आपल्याकडे ही इंजेक्शनं देण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते.

प्रौढांच्या नेहमीच्या स्ट्रोकमध्ये असा एकाच जनुकातला दोष क्वचितच कारण असतो, तिथे रक्तदाब, साखर आणि तंबाखूच बघावी. पण भाचीला सख्खी भावंडं असतील तर ती धडधाकट दिसत असली तरी त्यांची तपासणी करा. एकाच घरात एकाला नुसते चट्टे आणि दुसऱ्याला स्ट्रोक, असंही होतं.