सेकंड लाइफ लावलं की घरचं नेट बसतंय? आधी हे कर

भावा, आधी नेटवाल्याला शिव्या घालायचं थांबव की. सेकंड लाइफ म्हणजे नेटवरचं थ्रीडी जग. माझं पण अनगोळात तसंच व्हायचं, त्यातल्या गर्दीच्या रीजनमध्ये (तिथल्या जमिनीच्या एका तुकड्यात) शिरलं की राउटर गप्प आणि आतनं आई ओरडायची, मालिका अडकली म्हणून. त्या जगातलं झाड, भिंत, लोकांचे कपडे सगळं तिथल्या तिथं डाउनलोड होतंय, एकदम ढीगभर कनेक्शनं उघडतात आणि स्वस्तातला राउटर गुदमरतो.

पहिलं वायफाय सोड, लॅन केबल लाव, निम्मं काम इथंच होतंय बघ. मग सेकंड लाइफच्या प्रेफरन्सेसमध्ये (सेटिंगमध्ये) मॅक्झिमम बँडविड्थ 500 kbps वर आण, ड्रॉ डिस्टन्स (किती लांबचं दिसावं ते) 64 मीटर.

आणि सारखं सारखं कॅश (cache, आधी डाउनलोड करून साठवलेलं) पुसू नको, नवीन पोरं हेच करतात, पुसलं की सगळं परत डाउनलोड, म्हणजे दुखणं डबल. राउटरच्या सेटिंगच्या नादाला आत्ता लागू नको.