दोन वर्षांचं मूल आणि गॅसची शेगडी

प्रश्न : आमचा मुलगा आता दोन वर्षांचा होईल. घर वन बीएचके, किचन ओपन, म्हणजे दरवाजाच नाही. दोन बर्नरची शेगडी, सिलिंडर ओट्याखाली. हल्ली त्याला नॉब फिरवायचा नाद लागलाय, परवा एक नॉब अर्धवट फिरलेला होता आणि गॅसचा वास सुटला होता. नॉबची प्लास्टिक कव्हरं ऑनलाइन मिळतात ती घेऊ का? आणि सासूबाई त्याला कडेवर घेऊनच चहा ठेवतात, त्यांना कसं सांगू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, कव्हरं घ्या हवी तर, पण आधी नॉबचं माप घ्या, कारण बरीचशी कव्हरं आपल्या शेगडीच्या नॉबवर नीट बसत नाहीत आणि सैल बसलेलं कव्हर मूल उपसून काढतं. त्यापेक्षा बिनपैशाचा आणि पक्का उपाय म्हणजे स्वयंपाक झाला की रेग्युलेटर बंद, दर वेळी, नुसता रात्री नाही. मग नॉब कितीही फिरवू दे. फक्त पुन्हा रेग्युलेटर चालू करायच्या आधी सगळे नॉब बंद आहेत ना ते बघायचं, आणि ओट्याखालच्या कप्प्याला लॉक लावा, नाहीतर तो रेग्युलेटरशीच खेळेल. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो, म्हणजे रांगत्या-खेळत्या मुलाच्या उंचीवरच. वास आला तर लाइटचं बटण चालूही करू नका नि बंदही करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, त्याला घेऊन बाहेर पडा आणि बाहेरून 1906 ला फोन करा.

पण मला नॉबपेक्षा जास्त काळजी वाटते ती शेगडीवर काय उकळतंय त्याची. लहान मुलं ज्वाळेपेक्षा जास्त करून चहा, आमटी, दूध, गरम पाणी अंगावर सांडून भाजतात. दोन वर्षांचं मूल साधारण 34 इंच उंच, म्हणजे जवळजवळ ओट्याएवढंच, हात वर केला की काठावरचं काहीही त्याच्या हाताला लागतं. मागच्या बर्नरवर शिजवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण आपल्या दोन बर्नरच्या शेगडीला मागचा बर्नर असतोच कुठे! म्हणून शेगडी पाइप न दुमडता जेवढी भिंतीकडे सरकेल तेवढी सरकवा, उकळतं पातेलं येण्याजाण्याच्या वाटेपासून लांबच्या बर्नरवर ठेवा, तव्याचा-फ्रायपॅनचा दांडा आत वळवा, आणि ओट्याजवळ स्टूल नको, मिक्सरची लोंबती वायर नको. दरवाजा नसला तरी उघड्या भागाला आडवं गेट बसवता येतं, नाहीतर स्वयंपाक होईपर्यंत त्याला पट्टा लावून उंच खुर्चीत बसवा, जिथून तुम्ही त्याला दिसाल.

कुकर उतरवून जमिनीवर ठेवायची सवय असेल तर ती आजच सोडा. आंघोळीचं पाणी शेगडीवर तापवत असाल तर बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम ओता, आणि ते नेताना मूल दुसऱ्या कुणाकडे तरी असू दे.

तरीही भाजलंच तर लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा, भिजलेले कपडे काढा (चिकटले असतील तर ओढू नका), बर्फ, हळद, टूथपेस्ट काहीही लावायचं नाही. इतक्या लहान मुलाला डॉक्टरांना दाखवाच, चेहरा, हात किंवा शीची-शूची जागा भाजली असेल किंवा भाजलेला भाग मोठा असेल तर 108 बोलवा.

सासूबाईंचं म्हणाल तर चूक दाखवायला जाऊ नका, त्यांनी मुलं वाढवलीयेत, त्यांना ते लागेल. पण हेही खरं की 70 अंशाचं पाणी सेकंदभर अंगावर पडलं तरी कातडी खोल भाजते आणि कडेवरच्या मुलाचा एक हात कायम मोकळा असतो. “आई, तुम्ही त्याला घेऊन बसा, चहा मी ठेवते” एवढंच म्हणा, आणि तुम्ही घरी नसाल त्या वेळेसाठी त्यांचा चहा थर्मासमध्ये भरून ठेवून जा.