नाशिक हायवेवरून दिसणारे डोंगर ओळखायचे कसे?

तुम्ही विचारलंय की मुंबईहून नाशिकला जाताना गाडीतून इतके डोंगर दिसतात पण एकाचंही नाव कळत नाही, तर सुरुवात कुठून करायची. मी ठाण्याचा, आजोळ नाशिकचं, त्यामुळे हा रस्ता लहानपणापासूनचा. सगळे एकदम ओळखायला जाऊ नका, एक डोंगर पक्का करा आणि त्याच्यापासून पुढे मोजत जा.

पहिला माहुली. आसनगाव आलं की डाव्या हाताला सुळक्यांची रांगच उभी दिसते, नवरा, नवरी, भटजी अशी नावं आहेत त्यांना, एकदा ते वऱ्हाड डोक्यात बसलं की माहुली कधीच चुकत नाही.

पण खरा खजिना कसारा घाट चढून घोटीला. तिथे उतरा आणि दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. उजवीकडून आधी कुलंग, मग मदन, मग अलंग, आणि त्यांच्या डावीकडे जरा अंतरावर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. कुलंग आणि अलंगचे माथे लांब सपाट, मधला मदन अंगाने लहान. मी कितीतरी वर्षं कुलंगलाच कळसूबाई समजत होतो, कारण रुंद डोंगर अंगावर येतो आणि टोकदार शिखर त्याच्यापुढे बारीक वाटतं. शेवटी घोटीतच चहाच्या टपरीवर एका बाबांनी बोटाने दाखवलं, "त्यो न्हाय, त्या अंगाचा, टोकाचा, वर देऊळ हाये बघा." तेव्हापासून गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय मी नाव पक्कं धरत नाही.

आकार असे का हे कळलं की ओळखणं अजून सोपं जातं. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक, कठीण थर टिकतो आणि मऊ थर झिजतो, म्हणून वर सपाट माथा आणि खाली उभा कडा. नाशिक सोडून पिंपळगावच्या पुढे वडाळीभोईकडे जाताना डावीकडे धोडप दिसतो, त्याच्या माथ्यावरची कातळाची भिंत म्हणजे जमिनीच्या भेगेत घुसून थिजलेला लाव्हा, आणि त्या भिंतीत मधेच चौकोनी खाच आहे. अशी खाच या रस्त्यावर मी दुसरी पाहिली नाही!

फोन डोंगराकडे धरला की त्याचं नाव दाखवणारं पीकफाइंडरसारखं अ‍ॅप वापरा जरूर, पण गाडीच्या आत नको, लोखंडामुळे फोनचं होकायंत्र भरकटतं आणि नावं भलत्याच डोंगरावर येतात. खाली उतरून, गाडीपासून थोडं लांब जाऊन बघा. आणि स्वतः चालवत असाल तर प्लीज डोंगर बघू नका, शेजारच्याला बघू द्या.

पावसाळ्यात सगळं ढगात असतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरची सकाळ सगळ्यात स्वच्छ. वहीत लिहून ठेवताना डावीकडे-उजवीकडे असं लिहू नका, परतीला सगळं उलटं होतं, गावाचं नाव आणि दिशा लिहा.